हेवी मेटल आणि किडनी: कामाच्या जागी शिसं, कॅडमियम शरीरात कसं जातं? कोणती टेस्ट करावी? संपूर्ण माहिती

फोनची बॅटरी किती टक्के राहिली, स्टोरेज किती भरलं, हे आपण दिवसातून दहा वेळा बघतो. पण ज्या माणसाच्या हातून रोज पन्नास फोन उघडले जातात, जुन्या बॅटऱ्या फुटतात किंवा दागिन्यांना डाग दिला जातो, त्याच्या शरीरात काय साठतंय हे कोणत्याच स्क्रीनवर दिसत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण मोबाईल रिपेअरिंगचा कोर्स करत असाल. कोणी बॅटरीच्या दुकानात कामाला असेल, कोणी भंगाराच्या धंद्यात, तर कोणाचे वडील किंवा भाऊ सराफ बाजारात कारागीर असतील. हा लेख खास तुमच्यासाठी आहे. शिसं, कॅडमियम, पारा असे जड धातू कामाच्या ठिकाणी शरीरात कसे शिरतात, किडनीचं काय करतात आणि वेळेत कसं ओळखायचं, ते आज आपण सोप्या भाषेत समजून घेऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण संपूर्ण लेखाचं सार तेच आहे. धातूमुळे किडनी खराब होते तेव्हा बरीच वर्षं काहीच दुखत नाही, आणि नेहमीची लघवी तपासणी "नॉर्मल" येऊ शकते. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. आपण काय काम करतो ते डॉक्टरांना सांगायचं आणि योग्य टेस्ट मागून घ्यायची.

हेवी मेटल म्हणजे काय?

हेवी मेटल म्हणजे जड धातू. यात बरेच धातू येतात, पण किडनीच्या बाबतीत तीन नावं लक्षात ठेवा:

- शिसं: इन्व्हर्टर, गाडी आणि ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, सोल्डरची तार, जुने रंग
- कॅडमियम: जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या, सोन्याचांदीच्या डागकामातला मिश्रधातू, काही प्लेटिंग आणि रंगद्रव्यं
- पारा: जुने थर्मामीटर, बीपी मोजायची काचेची नळी, ट्यूबलाईट आणि सीएफएल

लोह, जस्त, तांबं हेही धातूच आहेत, पण शरीराला ते थोड्या प्रमाणात लागतात. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. अडचण अशी की शरीराला ते नीट ओळखता येत नाहीत. शिसं कॅल्शियमच्या वाटेने आत शिरतं, कॅडमियम लोह आणि जस्ताच्या वाटेने. म्हणूनच ज्याच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी आहे, त्याच्या शरीरात हे धातू जास्त शोषले जातात.

धातू किडनीतच का अडकतो?

किडनी म्हणजे मूत्रपिंड, हे आपल्याला माहीतच आहे. एका किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. पण आपल्याला लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. मग बाकीचं पाणी जातं कुठे?

किडनीची पद्धत जरा वेगळी आहे. ती आधी रक्तातलं जवळजवळ सगळं बारीक सामान बाहेर काढते आणि मग त्यातलं कामाचं परत उचलून घेते. साखर, मीठ, पाणी, छोटी प्रोटीन्स, सगळं परत आत. हे परत उचलण्याचं काम नेफ्रॉनच्या नळीत होतं. नळीचा पहिला भाग यात सगळ्यात जास्त राबतो.

नेमका इथेच घोटाळा होतो. कॅडमियमचंच उदाहरण घ्या. श्वासातून किंवा पोटातून आलेलं कॅडमियम आधी लिव्हरमध्ये जातं. तिथे मेटॅलोथायोनीन नावाचं छोटं प्रोटीन त्याला पकडून ठेवतं. हे प्रोटीन इतकं लहान असतं की किडनीच्या गाळणीतून सहज निसटतं. पुढे नळीतल्या पेशी "हे कामाचं प्रोटीन आहे" असं समजून ते परत उचलतात. पेशीच्या आत प्रोटीन फुटतं आणि कॅडमियम मोकळं होतं. पेशी ते बाहेर टाकू शकत नाही. रोज थोडं, पुन्हा थोडं, असं ते साठत राहतं.

किडनीत साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायला साधारण १० ते ३० वर्षं लागतात. म्हणजे विसाव्या वर्षी साठलेला माल पन्नाशीतही तुमच्या सोबत असू शकतो.

शिसं किडनीचं काय करतं?

शिसं रक्तात महिनाभर राहतं आणि मग हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांपेक्षा जास्त शिसं हाडांत असतं. तिथून ते वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात उतरत राहतं. त्यामुळे काम सोडल्यावरही किडनीची सुटका लगेच होत नाही.

जास्त शिसं अनेक वर्षं अंगात राहिलं की:

- किडनीच्या नळ्यांच्या आजूबाजूला व्रण पडतात आणि किडनी हळूहळू आकसते
- युरिक ॲसिड बाहेर टाकणं कमी होतं, त्यामुळे गाऊट होतो, म्हणजे पायाचा अंगठा किंवा सांधा सुजून भयंकर दुखतो
- ब्लड प्रेशर वाढतं, आणि वाढलेलं प्रेशर किडनीला आणखी मारतं

तिशीतल्या माणसाला बीपी आणि गाऊट दोन्ही आहेत आणि तो बॅटरीच्या कामात आहे, तर डॉक्टरांना शिशाची आठवण करून द्यायलाच हवी. बऱ्याचदा बीपीची गोळी सुरू होते, पण "काम काय करता?" हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

कॅडमियम: बॅटरीच्या कारखान्यापासून "केडीएम"पर्यंत

कॅडमियम आणि किडनीचं नातं कारखान्यातल्या कामगारांमुळेच कळलं. स्वीडनचे डॉक्टर लार्स फ्रीबर्ग यांनी अल्कलाईन बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार तपासले आणि १९५० मध्ये आपला अभ्यास छापला. कॅडमियमच्या धुळीत अनेक वर्षं काम केलेल्यांच्या लघवीत त्यांना एक वेगळंच, आकाराने लहान प्रोटीन सापडलं. नळीतल्या पेशी थकल्या की त्या छोटी प्रोटीन्स परत उचलू शकत नाहीत आणि ती लघवीत वाहून जातात. किडनीला कॅडमियमची बाधा झाल्याची पहिली खूण आजही हीच मानतात.

हे पुढे कुठपर्यंत जाऊ शकतं, ते जपानने पाहिलं. तोयामा भागातल्या जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, त्या पाण्यावर भात पिकला आणि तो लोकांनी खाल्ला. किडनी बिघडल्यामुळे हाडांना लागणारी खनिजं लघवीतून जाऊ लागली आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडायची. या आजाराला लोकांनी "इताई इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असं नाव दिलं. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला.

आता आपल्याकडे येऊ. "केडीएम सोनं" हा शब्द आपल्या घराघरात ऐकलेला आहे. मुंबईचा झवेरी बाजार असो, कोल्हापूरची गुजरी असो की जळगावचा सराफ बाजार, दागिन्यांच्या दुकानांवर ही पाटी असायची. पण केडीएम म्हणजे काय ते फार थोड्यांना माहीत होतं. केडीएम म्हणजे कॅडमियम! सोन्याचे दोन तुकडे जोडताना डागात कॅडमियम मिसळलं की तो कमी तापमानाला वितळतो आणि बरंचसं कॅडमियम उडून गेल्यामुळे सोन्याची शुद्धता टिकते. गिऱ्हाईकासाठी हे फायद्याचं होतं.

पण उडून गेलेलं कॅडमियम जातं कुठे? फुंकणी किंवा गॅसची ज्योत धरून बसलेल्या कारागिराच्या नाकात. कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ७६७ अंशाला उकळतं. डागकामाची ज्योत याच्या कितीतरी वर जाते. बंद खोलीत एकदाच खूप वाफ ओढली तर काही तासांनी ताप, खोकला आणि फुफ्फुसात पाणी होऊन जिवावर बेतू शकतं. रोज थोडी-थोडी ओढली तर ती किडनीत जमा होते.

आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमचा डाग चालत नाही, जस्तासारखे दुसरे पर्याय आले आहेत. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. तरी ज्यांनी दहा-पंधरा वर्षं केडीएमचं काम केलं, त्यांच्या किडनीतला साठा कायदा बदलल्याने गेलेला नाही. घरात असे कोणी असतील, तर त्यांची टेस्ट नक्की करून घ्या.

पारा

पारा साध्या तापमानालाच हळूहळू वाफ होतो. वाफेला रंग नाही, वास नाही. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा बंद खोलीत साफ करणं किंवा भंगारातल्या ट्यूबलाईट फोडणं यातून ती श्वासात जाते. पारा किडनीच्या गाळणीवर आणि नळीवर दोन्हीकडे मारा करतो. काही जणांच्या लघवीत भरपूर प्रोटीन जाऊन डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते. शिसं आणि कॅडमियमच्या तुलनेत ही खूण लवकर दिसते, आणि संपर्क लवकर तोडला तर बरेच रुग्ण सुधारतात.

कोणत्या कामात धोका जास्त?

जास्त धोका:

- जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या फोडणं, प्लेट काढणं, भट्टीत शिसं वितळवणं
- ई-कचऱ्याचे बोर्ड ज्योतीवर किंवा शेगडीवर भाजून आयसी काढणं, वायर जाळून तांबं काढणं
- कॅडमियमच्या डागाने जोडकाम
- जुना शिसेयुक्त रंग घासणं किंवा तापवून काढणं

मध्यम धोका:

- बॅटरी असेंब्ली, प्लेट जोडणं
- रेडिएटर दुरुस्ती
- कॅडमियम प्लेटिंग केलेल्या भागांवर वेल्डिंग

तुलनेने कमी, पण शून्य नाही:

- मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप रिपेअरिंगचं सोल्डरिंग

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नीट नोंदणी असलेल्या व्यवस्थेत रिसायकल झाला. उरलेल्यातला बराच माल हाताने फोडला जातो. आपल्या जुन्या फोनचा खरा धोका तो वापरणाऱ्याला नाही, शेवटी तो फोडणाऱ्याला आहे.

मोबाईल रिपेअरिंग: सोल्डरच्या धुरात शिसं असतं का?

हा प्रश्न खूप जण विचारतात, म्हणून नीट समजून घ्या.

सोल्डरच्या रिळावर "६०/४०" किंवा "६३/३७" लिहिलेलं असतं. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. म्हणजे ६३/३७ तारेत ३७ टक्के शिसं. ही तार १८३ अंशाला वितळते, काम पटकन होतं, म्हणून ती लोकप्रिय आहे. लेड-फ्री तारेत कथील, चांदी आणि थोडं तांबं असतं आणि ती साधारण २१७ ते २२० अंशाला वितळते.

आपण सोल्डरिंग आयर्न ३०० ते ४०० अंशावर ठेवतो. शिशाची वाफ लक्षात घेण्याइतकी व्हायला साधारण ५०० अंशाच्या वर जावं लागतं. म्हणजे आयर्नमधून उठणारा पांढरा धूर मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे राळेचा असतो. तो धूर दम्याला निमंत्रण देतो, म्हणून तोही टाळायचाच. पण शिसं शरीरात जातं ते वेगळ्या रस्त्याने: बोटांना लागलेल्या तारेतून, टेबलावरच्या बारीक कणांतून आणि त्याच हाताने खाल्लेल्या वडापावातून!

बोर्ड ज्योतीवर धरला किंवा शेगडीवर भाजला तर मात्र गणित बदलतं. तिथे तापमानावर ताबा नसतो, शिसं आणि प्लॅस्टिक दोन्ही जळतात. हे काम कधीच करू नका.

हात, तोंड आणि तुमचा फोन

कामाच्या जागी धातू शरीरात जायचे दोन मोठे रस्ते आहेत: श्वास आणि तोंड. श्वासाचा रस्ता सगळ्यांना कळतो, तोंडाचा विसरला जातो. या सवयी बघा:

- तार दातात धरणं
- काम करता करता चहा-बिस्किट
- तळहातावर तंबाखू-चुना मळणं, मावा किंवा खर्रा खाणं. हाताला लागलेली सगळी धूळ त्यात मिसळते
- बिडी, सिगारेट. तंबाखूच्या पानातच कॅडमियम असतं, त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट सापडतं
- कामाच्या हाताने फोन वापरणं

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा. कामाच्या हाताने आपण फोन घेतो, त्या धुळीचे कण स्क्रीनवर आणि कव्हरच्या कडेला बसतात. जेवताना हात धुतले तरी शेजारी तोच फोन. रात्री घरी गेल्यावर लहान मूल तोच फोन घेऊन कार्टून बघतं, बोट तोंडात घालतं. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषतं, आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कपडे आणि चपलांमधूनही अशीच धूळ घरी येते.

लक्षणं कोणती?

खरं सांगायचं तर सुरुवातीला काहीच नाही. शिसं जास्त झालं तर पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, हातापायांना मुंग्या असं होऊ शकतं. किडनी बरीच बिघडल्यावर पायावर सूज, रात्री सारखी लघवी, फेसाळ लघवी, भूक मंदावणं, धाप लागणं ही लक्षणं येतात. तोवर उशीर झालेला असतो.

कोणती टेस्ट करावी? नेहमीचा रिपोर्ट "नॉर्मल" का येतो?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

लघवीत बुडवायची जी पट्टी असते, ती मुख्यतः अल्ब्युमिन नावाचं मोठं प्रोटीन पकडते. कॅडमियमची सुरुवात छोट्या प्रोटीनने होते. पट्टीला ते दिसतच नाही. दुसरी नेहमीची टेस्ट म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन. किडनीचं जवळपास निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मलच्या आत राहू शकतं. म्हणून दोन्ही रिपोर्ट चांगले आले तरी धातूच्या कामात असलेल्याने तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

डॉक्टरांशी बोलून या टेस्टबद्दल विचारा:

१. ब्लड लेड लेव्हल. नमुना दंडाच्या शिरेतून द्या. बोटाला टोचून घेतला तर कातडीवरचं शिसं मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या मते मोठ्या माणसात ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त म्हणजे वाढलेली पातळी.

२. लघवीतलं कॅडमियम. यातून अनेक वर्षांचा साठा कळतो. रक्तातलं कॅडमियम अलीकडचा संपर्क दाखवतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात लघवीत ३ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिनच्या वर गेलं की जास्त लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

३. लघवीतलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. हेच ते छोटं प्रोटीन. त्याच नियमात याची रेषा ३०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन आहे. लघवी आम्लधर्मी असेल तर हे प्रोटीन नमुन्यातच मोडतं, म्हणून काही ठिकाणी रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन मोजतात.

४. क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, युरिक ॲसिड आणि ब्लड प्रेशर.

पाऱ्याचं काम असेल तर लघवीतल्या पाऱ्याची टेस्ट विचारा. या टेस्ट गल्लीतल्या प्रत्येक लॅबमध्ये होत नाहीत. मोठ्या लॅब नमुना घेऊन आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रावर तपासतात. हे यंत्र नमुना खूप तापवून त्याचे आयन करतं आणि त्यांच्या वजनावरून धातू ओळखतं. नमुना द्यायच्या आधी हात स्वच्छ धुवा आणि कामाच्या कपड्यांत जाऊ नका.

ॲप किंवा स्मार्टवॉचने कळतं का?

नाही. कोणतंही घड्याळ किंवा फोनचा कॅमेरा रक्तातलं शिसं मोजू शकत नाही. ईजीएफआर काढायचे कॅल्क्युलेटर मात्र खरे आहेत. वय, लिंग आणि क्रिएटिनिन टाकलं की २०२१ च्या सूत्राने आकडा मिळतो. ६० च्या खाली आकडा तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार मानतात. पण कॅल्क्युलेटर क्रिएटिनिनवरच चालतो, त्यामुळे सुरुवातीचं नुकसान त्यालाही दिसत नाही.

फोनचा खरा उपयोग असा करा: कोणत्या वर्षी कोणतं काम केलं, रोज किती तास, कोणती तार किंवा डाग वापरला, याची एक नोट बनवा. प्रत्येक रिपोर्टचा फोटो तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवा. डॉक्टरांकडे ही नोट उघडून दाखवली की निम्मं काम होतं.

बचाव कसा करायचा?

- धूर उगमापाशीच ओढून घ्या. फिल्टरचा फ्युम एक्स्ट्रॅक्टर किंवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा. टेबल फॅन धूर फक्त शेजाऱ्याकडे ढकलतो
- लेड-फ्री तार आणि कॅडमियम-फ्री डाग वापरा. डबीवर लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा
- रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क बारीक धातूची धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ कणांसाठी चालतो. शिसं वितळवायच्या जागी त्याहून वरच्या दर्जाचा फिल्टर लागतो. पाऱ्याच्या वाफेला एन ९५ काहीच करत नाही
- कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा
- खाण्याआधी साबणाने बोटं आणि नखं घासून धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं हातावरच राहतं
- कामाच्या टेबलावर खाणं, चहा, तंबाखू बंद
- कामाचे कपडे वेगळे, ते वेगळे धुवा. घरी गेल्यावर मूल उचलायच्या आधी आंघोळ
- फोन कामाच्या वेळी पिशवीत, सुटताना ओल्या फडक्याने पुसून घ्या
- पोट रिकामं ठेवून काम करू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्यं यांतून कॅल्शियम आणि लोह मिळतं
- अंगदुखीवर मनाने पेनकिलर घेऊ नका, त्या किडनीवर आणखी भार टाकतात

हे उपाय करू नका

"सात दिवसांत किडनी साफ" असे व्हिडिओ रोज दिसतात. पायाला लावायच्या डिटॉक्स पट्ट्या, केसांची धातू तपासणी, रस-काढे यांनी किडनीतला धातू निघत नाही. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या भस्मांमध्ये शिसं आणि पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे औषध घ्यायला जाऊन विषच घ्यायचं. शरीरातून धातू ओढून काढणारी चिलेशनची औषधं असतात, पण ती जास्त शिशाच्या रुग्णाला डॉक्टर देखरेखीखाली देतात. कॅडमियममध्ये ती किडनीला उलटी बाधू शकतात. आणि काम तसंच चालू ठेवून औषध घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून बादली उपसणं.

कायदा काय सांगतो?

शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा १९४८ च्या कारखाने कायद्यात "कळवण्याचा आजार" म्हणून नोंदलेली होती. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात शिशाचे आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर सहसा ईएसआय लागू होतं आणि त्यातही व्यवसायजन्य आजार धरले जातात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं ०.१ टक्का आणि कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन ई-कचरा नियमांत आहे.

दोन माणसांच्या दुकानाला मात्र यातलं बरंचसं लागू होत नाही. म्हणून तिथे स्वतःची नोट आणि स्वतःचे रिपोर्ट हाच तुमचा पुरावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: रोज मोबाईल वापरल्याने किडनीत धातू जातो का?
उत्तर: नाही. फोन बंद अवस्थेत असतो आणि त्याच्या लिथियम बॅटरीत शिसं-कॅडमियम नसतं. फुगलेली बॅटरी फोडू नका, त्यात आगीचा धोका आहे.

प्रश्न: काम सोडलं तर किडनी पूर्ववत होते का?
उत्तर: शिसं थांबलं की रक्तातली पातळी उतरते आणि लवकर पकडलं तर पुढचं नुकसान टळू शकतं. कॅडमियमने नळी जास्त बिघडली असेल तर ती सहसा परत येत नाही. म्हणून लवकर तपासणी महत्त्वाची.

प्रश्न: भरपूर पाणी प्यायलं तर धातू निघून जाईल का?
उत्तर: पाणी प्या, ते चांगलंच आहे. पण पेशीत बसलेलं कॅडमियम पाण्याने धुतलं जात नाही.

प्रश्न: टेस्ट कधी करायची?
उत्तर: धातूच्या कामाला लागताना एकदा, म्हणजे सुरुवातीचा आकडा हाताशी राहतो. त्यानंतर किती दिवसांनी, ते कामाचा धोका आणि पहिला रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

शेवटी थोडक्यात

मित्रांनो, हातातली कला सोडा असं हा लेख सांगत नाही. रिपेअरिंग, बॅटरी, दागिने ही कष्टाची आणि इमानाची कामं आहेत, त्यावर घरं चालतात. फक्त आज तीन गोष्टी करा: कामाच्या टेबलावरून खाणं आणि तंबाखू हटवा, फोनमध्ये कामाची नोट बनवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारायच्या आधीच सांगा, "डॉक्टर, मी शिशाचं काम करतो."

तुमच्या ओळखीत बॅटरीवाला, भंगारवाला किंवा सोनार कारागीर असेल तर हा लेख त्याला व्हॉट्सॲपवर नक्की पाठवा. काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.